मिठाचा कागद आणि उन्हाने काढलेले चित्र

दुहेरी विस्थापन शिकवताना आपण मिठाच्या द्रावणात सिल्वर नायट्रेट घालतो. पांढरा साका बसतो, मुलं समीकरण उतरवून घेतात, धडा पुढे सरकतो. हा साका म्हणजे सिल्वर क्लोराइड. उन्हात त्याचे विघटन होते, चांदीचे बारीक कण सुटे होतात आणि तो काळपट पडतो. परीक्षानळीऐवजी कागदावर त्याचा पातळ थर बसवला, की झाला फोटोचा कागद!

चित्रकलेचा जाड कागद २ टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवा. मग मंद पिवळ्या दिव्यात त्यावर १० ते १२ टक्के सिल्वर नायट्रेटचा हात ब्रशने फिरवा आणि अंधारातच वाळू द्या. (हे शिक्षकांनीच करावे, हातमोजे आणि सुरक्षा-चष्मा घालून. कातडीवर काळे डाग पडतात ते ठीक, पण डोळ्यात गेले तर गंभीर इजा होते.) मुलं वहीत जपून ठेवतात ते जाळी पडलेलं पिंपळपान त्यावर ठेवा, वर काच ठेवा आणि कडक उन्हात १०-१५ मिनिटे राहू द्या. पान उचललं, की गडद जमिनीवर पांढऱ्या शिरा!

आता वर्गाला विचारा, हे चित्र किती वेळ टिकेल? शिरांच्या जागी सिल्वर क्लोराइड अजून तसंच आहे. उजेड लागला, की तेही काळं होणार. इंग्लंडमध्ये वेजवुड आणि डेव्ही यांनी १८०२ मध्ये अशाच चित्रांबद्दल लिहिलं, पण ती टिकवता आली नाहीत. माझ्या मते खरा धडा इथेच आहे. चित्र काढणं सोपं, उजेडाला थांबवणं अवघड.

१८३४ मध्ये टॅलबटच्या लक्षात आलं, की कागदाचा काही भाग, विशेषतः कडा, लवकर काळ्या पडतात. कारण तिथे मीठ कमी होतं. म्हणजे मीठ नसेल तर थरच नाही, आणि जास्त झालं तर थर मंद. मग त्याने चित्र काढून झाल्यावर कडक मिठाच्या पाण्याचाच उपयोग केला. मुलांना हा तर्क स्वतः करू द्या, उत्तर लगेच सांगू नका. पक्का उपाय हर्शेलकडे होता. हायपो, म्हणजे सोडिअम थायोसल्फेट, चांदीचे क्षार विरघळवते हे त्याने १८१९ मध्येच दाखवलं होतं. १८३९ मध्ये त्याने ते टॅलबटला सांगितलं.

आपणही चित्र आधी पाण्यात धुवायचं, मग १० टक्के हायपोत ५ मिनिटे ठेवायचं आणि नंतर अर्धा तास पाणी बदलत धुवायचं. हायपोत ते फिकट, तपकिरी होतं, म्हणून ऊन जरा जास्तच द्या.

पहिलं धुण्याचं पाणी मोरीत ओतू नका. त्यात मीठ टाका, तोच पांढरा साका पुन्हा खाली बसेल. तो गाळून बाजूला ठेवा.