रेसचे टायर घरच्या गॅरेजात: खर्च किती, वाचतं काय

न्यू जर्सीच्या दक्षिणेला मिलव्हिलचं मोटरस्पोर्ट्स पार्क २००८ साली सुरू झालं. एडिसन, पिस्कॅटवे भागातून तिथे साधारण दोन तासांत पोचता येतं. त्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींपैकी ज्याला गाडी पळवायचा नाद आहे, त्याच्या गॅरेजात जुनी माझदा मियाटा उभी असेल तर नवल नाही. अशा माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: टायर बदलायची मजुरी फार होते, हाताने चालवायचं यंत्र घेऊन टाकू का?

घ्या, पण मजुरी वाचवायची म्हणून घेऊ नका. त्या हिशेबात फारसा दम नाही.

सुटं चाक दुकानात नेलं की जुना टायर उतरवणं, नवा चढवणं आणि बॅलन्सिंग, असे चाकामागे साधारण २५ ते ४० डॉलर पडतात. म्हणजे चार चाकांचे १०० ते १६०. आता घरचा खर्च बघा. हाताने चालवायचं साधं टायर चेंजर स्वस्त हत्यारांच्या दुकानात ६० ते १०० डॉलरला मिळतं. ते जमिनीला बोल्टने पक्कं आवळल्याशिवाय कामाचं नाही, तेव्हा काँक्रीटमध्ये अँकर ठोकायचे किंवा जाड प्लायवूडवर बसवून त्या फळीवर स्वतःच उभं राहायचं. त्याच्यासोबत येणारी लोखंडी टॉमी अ‍ॅलॉय रिमवर ओरखडे काढते. नायलॉनचं टोक असलेली टॉमी वेगळी घ्यावी लागते, तिला आणखी ६० ते १००. पाणसळीसारखा बुडबुडा असलेला बॅलन्सर शंभराच्या आसपास. चिकट वजनं, टायरच्या किनारीला लावायची पेस्ट, व्हॉल्व्हची सुई काढायचा पाना, रिमच्या कडेला लावायची प्लॅस्टिकची कव्हरं, असं किरकोळ धरून पन्नास-साठ. कॉम्प्रेसर नसेल तर दीडशे-दोनशे वेगळे. जुन्या टायरची विल्हेवाट लावायलाही टायरमागे दोन ते पाच डॉलर मोजावे लागतात, आणि हा खर्च हमखास विसरला जातो.

सगळं मिळून, कॉम्प्रेसर आधीपासून असेल तर, ३०० ते ४००. मजुरीच्या हिशेबाने तीन-चार संचांत वसूल. वर्षाला एकच संच संपवणाऱ्याने हा उद्योग करूच नये. दुकानात जावं, कॉफी पीत बसावं.

खरा पैसा टायरच्या खांद्यात आहे. मियाटाचे २०५/५०आर१५ मापाचे रेसिंग टायर साधारण २०० ते २५० डॉलरला एक, म्हणजे संच आठशे ते हजाराचा. ट्रॅकवर टायर सारखा झिजत नाही. कँबर, म्हणजे चाकाला वरून आत दिलेला झुकाव, कमी असेल तर बाहेरचा खांदा आधी जातो, फार दिला असेल तर आतला. त्यात ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा असेल तर डावीकडचे टायर जास्त मार खातात. एक खांदा टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत आणि दुसरा जवळजवळ नवा, अशा अवस्थेत निम्मा टायर कचऱ्यात जातो. तो रिमवरून उतरवून उलटा चढवला की शिल्लक खांदा कामाला लागतो. हे एका शर्यतीच्या वीकएंडनंतर लगेच करायचं असतं, तेव्हा दुकानाची वेळ सोयीची नसते, आणि वापरलेला रेसिंग टायर उलटा करून द्या म्हटलं की बरीच दुकानं हातच लावत नाहीत. अशा उलटापालटीने एका संचातून तीनऐवजी चार वीकएंड निघाले, तरी दर चार संचांमागे एक वाचला. यंत्राची किंमत तिथेच निघते.

मात्र ज्या टायरच्या एका बाजूवर ‘आत’ आणि दुसऱ्या बाजूवर ‘बाहेर’ असं छापलेलं असतं, तो उलटा करू नका. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेला चालतो; उलटा करून गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावला की बाण बरोबर राहतो आणि खांदे बदलतात.

आता काम. हवा सोडून सुई काढली की आधी बीड, म्हणजे रिमच्या कडेला घट्ट बसलेली टायरची किनार, दाबून सुटी करायची. इथे वजन टाकावं लागतं, अक्कल फारशी लागत नाही. अक्कल लागते पुढे. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते, आणि टॉमी जिथे लावली त्याच्या बरोबर समोरची बीड त्या पन्हळीत उतरलेली हवी. ती उतरली की समोर ढिलाई मिळते आणि टायर मुकाट निघतो. ती कडेवरच अडकून राहिली तर दोन माणसं टॉमीला लोंबकळली तरी टायर हलत नाही, आणि हलला तर बीडमधली तार दुखावते. म्हणून एका गुडघ्याने टायर दाबून धरायचा, पेस्ट लावायची आणि थोडं थोडं करत जायचं. पन्हळ बहुतेक रिममध्ये दर्शनी बाजूच्या जवळ असते, तेव्हा चाक त्या बाजूने वर ठेवा. उलट असलेलीही रिम असतात. आधी बघून घ्या.

थंडीत हे काम बंद. शर्यतीच्या टायरचं रबर गोठणबिंदूखाली वाकवलं तर तडकू शकतं. जर्सीच्या जानेवारीत टायर घरातल्या उबेत रात्रभर ठेवावेत, नाहीतर मार्चपर्यंत थांबावं.

हवा भरताना बीड जागेवर बसल्याचे ‘ठक्’ असे दोन आवाज येतात. दाब ४० पीएसआयच्या वर नेऊ नका. तेवढ्यात बसला नाही तर हवा सोडा, पेस्ट लावा, पुन्हा भरा. नळीला अडकवायची क्लिप घ्या आणि चाकापासून हातभर लांब, एका बाजूला उभे राहा. पेट घेणारा फवारा मारून, काडी लावून टायर बसवायचे व्हिडिओ बघितले असतील. बघितलेत तेवढं पुरे.

बॅलन्सिंगबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, बुडबुड्याचा बॅलन्सर म्हणजे खेळणं. काही म्हणतात, रेसमध्ये बॅलन्सिंग लागतंच कुठे? दुसऱ्यांना गणित दाखवा. १५ इंची रिमच्या कडेला १० ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १६० किलोमीटरला चाक सेकंदाला २४ वेळा फिरतं आणि तेवढे १० ग्रॅम साडेचार किलोच्या जोराने चाक ओढतात. वेग निम्मा केला तर जोर एक चतुर्थांश होतो, म्हणून कॉलनीतल्या रस्त्यावर काही जाणवत नाही आणि सरळ पट्ट्यावर स्टीअरिंग थरथरतं.

पहिल्यांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. हा बॅलन्सर चाक आडवं ठेवून फक्त एकाच प्रकारचा असमतोल सांगतो. आतली कड एका बाजूला आणि बाहेरची कड विरुद्ध बाजूला जड असेल, तर बुडबुडा शांतपणे मधोमध बसतो आणि चाक पळताना डुलतं. मियाटाच्या सहा-सात इंच रुंद चाकांना हे बहुतेक वेळा खपून जातं. नऊ-दहा इंची रुंद चाकं असतील तर बॅलन्सिंगपुरतं दुकान गाठावं.

पद्धत अशी. रिकामा बॅलन्सर आधी सपाट करून बुडबुडा मधोमध आणा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलक्या बाजूची खूण असते. टायर चढवतानाच तो व्हॉल्व्हजवळ आणला तर वजन कमी लागतं. चाक ठेवलं की बुडबुडा हलक्या बाजूला सरकतो. त्या बाजूला दोन सारखी वजनं नुसती ठेवा. जास्त झाली तर दोन्ही एकमेकांपासून दूर सरकवत न्या. जितकी दूर, तितका परिणाम कमी. बुडबुडा मधोमध आला की चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठेवा. आता तो हलला तर दोष चाकाचा नाही; चाक बॅलन्सरच्या मधल्या सुळक्यावर नीट बसलेलं नाही किंवा बॅलन्सर सपाट नाही. सगळं जमलं की निम्मं वजन आतून आणि निम्मं बाहेरून चिकटवा, आणि आतलं वजन ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघा.

चिकटवण्याआधी रिम अल्कोहोलने पुसा. ट्रॅकवर ब्रेक तापून गोंद सुटतो, तेव्हा वजनावरून चिकटपट्टी मारलेली बरी. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत शिशाच्या वजनांवर बंदी आहे. पोलादी किंवा जस्ताची घ्या.

रोजच्या गाडीवर हे प्रयोग नकोत. अमेरिकेत २००८ मॉडेलपासूनच्या गाड्यांना टायरच्या दाबाचे सेन्सर सक्तीचे आहेत. टॉमीखाली एक चिरडला की वर्षाची बचत गेली. पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकांनी तर हे यंत्र मागवूच नये. तिथे चारही चाकांचं फिटिंग आणि बॅलन्सिंग काहीशे रुपयांत होतं, तेही फिरत्या यंत्रावर.

शेवटचं काम रंगाच्या पेनचं. टायर आणि रिम या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ ओढा. जोरात ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकू शकतो, पेस्ट जास्त लागली असेल तर नक्कीच, आणि मग केलेलं बॅलन्सिंग वाया जातं. पहिल्या सत्रानंतर पॅडॉकमध्ये आलात की हवा तपासताना रेघही बघा. दोन बोटांपेक्षा जास्त तुटलेली दिसली तर चाक उतरवून पुन्हा बॅलन्सरवर.