श्वानांमधील विष्ठाभक्षण : कारणे, शेणभुंगेऱ्यांशी संबंध आणि प्रतिबंध

गोठ्याची व शेताची राखण करणारा कुत्रा शेण, लेंड्या किंवा अन्य कुत्र्यांची विष्ठा खाताना अनेकदा आढळतो. किळस येऊन पशुपालक त्यास हाकलतात किंवा सवय म्हणून दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात या सवयीतून कुत्र्यास जीवघेणा कृमिरोग जडू शकतो आणि त्या रोगाचा एक महत्त्वाचा दुवा कीटकसृष्टीत आहे.

कारणे

व्यालेली कुत्री पहिले काही आठवडे पिल्लांची विष्ठा चाटून जागा स्वच्छ ठेवते. हे वर्तन नैसर्गिक होय. प्रौढ कुत्र्यांविषयी अमेरिकेतील बेंजामिन हार्ट व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात सुमारे १६ टक्के कुत्री वारंवार विष्ठा खाणारी आढळली. अधाशीपणे खाणाऱ्या कुत्र्यांत हे प्रमाण अधिक होते. आहाराच्या प्रकाराशी मात्र संबंध दिसला नाही. ही कुत्री बहुधा दोन दिवसांच्या आतील ताजी विष्ठा खात. ताज्या विष्ठेतील अनेक कृमींची अंडी संसर्गक्षम झालेली नसतात. त्यामुळे निवाऱ्याजवळची विष्ठा वेळीच संपविण्याची ही लांडग्यांकडून आलेली प्रवृत्ती असावी, असा तर्क संशोधकांनी मांडला.

स्वादुपिंडाचे विकार, अन्नाचे अपुरे शोषण, जंत किंवा भूक वाढविणारी औषधे यांमुळेही ही सवय लागू शकते.

शेणभुंगेऱ्यांचा दुवा

‘स्पायरोसर्का ल्युपी’ या गोलकृमीची अंडी बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या शरीरात अळी संसर्गक्षम होते. विष्ठा किंवा शेण खाताना कुत्र्याने असा भुंगेरा गिळल्यास अळी जठराच्या भित्तीतून रक्तवाहिन्यांमार्गे महाधमनीत पोहोचते. तेथे सुमारे तीन महिने राहून ती अन्ननलिकेत स्थिरावते व गाठी निर्माण करते. काही कुत्र्यांत या गाठींचे कर्करोगात रूपांतर होते. महाधमनी फुटल्यास अचानक मृत्यू ओढवतो. भुंगेरे खाल्लेल्या कोंबड्या, पाली व उंदीर यांच्या शरीरातही अळी टिकून राहते. म्हणून कोंबडीची कच्ची आतडी कुत्र्यास घालू नयेत.

याचा अर्थ शेणभुंगेरे शत्रू आहेत असा नव्हे. ते शेण जमिनीत गाडून तिचा कस वाढवितात व शेणावर वाढणाऱ्या माश्यांना आळा घालतात. शेणावर कीटकनाशक फवारणे सर्वथा अयोग्य आहे. कृमीचे चक्र तोडण्याची जागा कुत्र्याची विष्ठा ही आहे.

प्रतिबंधक उपाय

१. कुत्र्याची विष्ठा पडताच उचलून झाकणबंद खड्ड्यात टाकावी. ती भाजीपाल्यासाठीच्या कंपोस्ट वा गांडूळखतात मिसळू नये.

२. गोठ्यातील शेण रोज गोबरगॅस संयंत्रात किंवा झाकलेल्या खड्ड्यात न्यावे.

३. जनावरांना आयव्हरमेक्टिन दिल्यावर काही आठवडे कुत्र्यास त्यांच्या शेणापासून दूर ठेवावे. शेणातून उतरणारे हे औषध कोली वंशाच्या अनेक कुत्र्यांना विषारी ठरू शकते व भुंगेऱ्यांच्या अळ्यांनाही मारक असते.

४. कुत्र्यास ठरावीक वेळी पुरेसा आहार द्यावा व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

५. फिरविताना साखळी वापरावी. ‘सोड’ ही आज्ञा ऐकताच आवडीचा खाऊ द्यावा. मारल्यास कुत्रा लपून व अधिक घाईने खातो.

६. अन्नात मिसळावयाच्या तयार पावडरी व गोळ्यांवर विसंबू नये. उपरोक्त सर्वेक्षणात त्यांचे यश दोन टक्क्यांपलीकडे गेले नाही.

पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे?

प्रौढ कुत्र्यास ही सवय अचानक लागणे, भरपूर खाऊनही वजन घटणे, फिकट व तेलकट विष्ठा, गिळताना त्रास, अन्न वारंवार बाहेर येणे किंवा लाळ गळणे यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. स्पायरोसर्काची अंडी विष्ठा तपासणीत प्रत्येक वेळी सापडत नाहीत. म्हणून अशी लक्षणे असल्यास दुर्बिणीद्वारे अन्ननलिकेच्या तपासणीविषयी विचारणा करावी. अशा कुत्र्यास मुलांचे तोंड चाटू देऊ नये व त्यास हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

सवय पूर्णपणे मोडण्यास वेळ लागतो. परिसरातील विष्ठा उचलण्याचे काम मात्र आजच सुरू करता येते आणि सर्वाधिक संरक्षण त्यातूनच मिळते.