कोवळ्या माळावर मेंढरं घालू नका

मृगाच्या सरी पडल्या की सुपे, कर्जत, नान्नजचे माळ आठ-दहा दिवसांत पोपटी दिसू लागतात आणि कोकणातून परतलेल्या मेंढपाळाला खांड तिथं सोडायचा मोह होतो. तो आवरा. मारवेल, पवन्याचा हा पहिला कोंब मुळात साठलेल्या अन्नावर फुटतो. पानं वाढून मुळांना पुन्हा अन्न पोचण्याआधीच तो खुडला, तर ठोंब दुबळा पडतो. दरवर्षी असंच झालं की चांगलं गवत हटतं आणि कुसळी किंवा उघडा मुरूम उरतो.

मेंढरांनाही ही घाई बाधते. उपाशीपोटी कोवळं गवत भरभरून खाल्लं की आंत्रविषार होतो आणि त्यात कळपातली धडधाकट कोकरंच तडकाफडकी दगावतात. लस पावसाआधी टोचायची असते. राहिली असेल तर आजच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तोवर सकाळी थोडा कडबा किंवा साठवलेल्या बाभळीच्या शेंगा घालून मगच खांड बाहेर काढा आणि बांध-ओढ्याकाठी चारा.

माळावरचं गवत चांगलं वीतभर वाढलं की चराई सुरू करा. गायरानाचे चार भाग पाडा. तीन आळीपाळीनं चारा, चौथा बी पडेपर्यंत बंद ठेवा. पुढच्या वर्षी बंद भाग बदला. तितर, लावा, चंडोल जमिनीवरच घरटी करतात, त्यांना हा बंद तुकडा लागतो. उघड्या पडलेल्या जागी पाऊस धरला की मारवेलचे ठोंब लावा.

सगळा माळच बंद करा, असं सांगणारेही आहेत. मला ते पटत नाही. काळविटाला आखूड गवताची उघडी जागा आवडते. गवत कमरेइतकं माजलं तर ते तिथं थांबत नाही. माळावर खड्डे काढून गिरीपुष्प लावण्याचा सरकारी उत्साह तर गवताच्या मुळावरच येतो.

अभयारण्यातली चराई हा वनखात्याच्या परवानगीचा विषय. पण रेहेकुरी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, सुप्याचं मयूरेश्वर पाचाच्या आसपास. तिथली काळविटं, चिंकारे तुमच्या गायरानात, पडिकात येणारच. म्हणून कुंपण घालताना खालची तार बिनकाट्याची आणि हात-दीड हात वर ठेवा, म्हणजे त्यांना खालून निघता येतं. वाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस द्या. त्यांना रानात मोकाट सोडू नका, पाडसं तीच धरतात.

लांडग्यानं मेंढरू मारलं तर ते जागचं हलवू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. त्याशिवाय भरपाई मिळत नाही. रागानं त्या मढ्यात विष कालवलं तर भरपाई राहिली बाजूला, १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होईल, आणि ते विष आधी तुमचीच कुत्री खातील.