दहा सेंटचा हिशेब

शाहूपुरी ही कोल्हापुरातली हिशेबाची पेठ. शाहू महाराजांच्या काळात वसली, गुळाच्या सौद्यांवर वाढली. गूळबाजार पुढं मार्केट यार्डात गेला, पण आधी खर्च मांडायची इथल्या माणसाची सवय काही गेली नाही. म्हणून ‘घरबसल्या फोटो विका, झोपेत डॉलर कमवा’ असल्या जाहिराती बघून इथलीच पोरं हप्त्यावर कॅमेरे घ्यायला लागली, तेव्हा नवल वाटलं. मी एका दुकानात हिशेब लिहितो, सुट्टीला फोटो काढतो आणि त्यातले काही स्टॉक साइटवर टाकतो. पैसे मिळतात. पण ‘दादा, ह्यात किती सुटतात?’ असं कुणी विचारलं की मी आधी त्याला कागद-पेन घ्यायला लावतो.

शटरस्टॉक या स्टॉक साइटनं जून 2020 मध्ये दर बदलले. फोटोग्राफरचा वाटा 15 ते 40 टक्के. जेवढी विक्री तेवढी वरची पायरी, आणि 1 जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. एका डाउनलोडला कमीत कमी 10 सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. जगभरच्या फोटोग्राफरांनी आरडाओरडा केला, काहींनी आपले फोटो काढून घेतले, कंपनी हलली नाही. अडोबी स्टॉक फोटोला 33 टक्के देतं, ते त्यातल्या त्यात बरं. पण तिथंही 25 डॉलर साठल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. माझे पहिले 25 डॉलर साठायला वर्ष उलटून गेलं. तेवढ्यात एका हळदीच्या कार्यक्रमाची ऑर्डर केली असती तर चौपट सुटले असते.

आमच्या गल्लीतला एक पोरगा फी भरून वर्कशॉपला गेला. शिकवणाऱ्यानं पडद्यावर कमाईचे आकडे दाखवले. ती कमाई फोटोंची की वर्कशॉपच्या फीची, हे हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. पोरानं फुल-फ्रेम कॅमेरा हप्त्यावर घेतला, रंकाळ्याचे सूर्यास्त टाकले आणि कॅमेरा जुन्यात विकला तेव्हाही हप्ते चालूच होते. सूर्यास्त वाईट नव्हते. पण रंकाळ्याचा सूर्यास्त विकत घेऊन लावणार कुठं? पाणी, लाल आभाळ आणि काळी झाडं जगातल्या प्रत्येक तळ्यावर आहेत.

या धंद्यात फोटो विकला जात नाही, फोटोचा वापर विकला जातो. घेणाऱ्याला त्यावर अक्षरं टाकायची असतात, पुडक्यावर छापायचा असतो, लेखात घालायचा असतो. म्हणून मोकळी जागा सोडलेली साधी चौकट विकली जाते आणि मित्रांनी ‘वा!’ म्हटलेली पडून राहते. अंबाबाईचा किरणोत्सव मिळेल म्हणून थांबू नका. मंदिरात कॅमेऱ्याला मनाई आहे. त्यापेक्षा हंगामात गुऱ्हाळावर जा.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गूळ होतो कसा हे नीट दाखवणारे फोटो फार नाहीत. काहिलीत रस उकळतो, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहतात. लेन्सवर वाफ बसते, ती पुसत बसण्यापेक्षा वाऱ्याच्या अंगाला उभं राहावं. शेवटी गूळ करणारा कारागीर, गुळव्या, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि दोन बोटांत त्याची गोळी वळून बघतो. ती दोन बोटं आणि ती गोळी, माझा सगळ्यात जास्त गेलेला फोटो तोच. त्याच दिवशी काढलेला अख्ख्या गुऱ्हाळाचा देखणा फोटो मात्र परत आला: मागं खताच्या पोत्यावर कंपनीचं नाव होतं, आणि चुलवाणापाशी बसलेल्या जळव्याच्या टीशर्टवर आणखी एक. व्यापारी वापराच्या फोटोत कुणाचा शिक्का चालत नाही.

माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याची सही लागते, पोराचा असेल तर आईबापाची, शिवाय साक्षीदाराची. गुळव्यामामांपुढं फॉर्म धरला तर ते म्हणाले, “जमिनीचा कागूद न्हवं न्हवं ह्यो?” हसू आलं, पण प्रश्न अगदी रास्त होता. सही म्हणजे ते हक्कच देत होते. मी मराठीत सांगितलं: हा फोटो कुठल्याही देशात, कुठल्याही पुडक्यावर छापला जाईल, तुम्हाला विचारणार नाहीत, पुढं पैसेही येणार नाहीत. नुसत्या हातांना सही बहुधा लागत नाही, तरी मी घेतो, आणि सही घेतली की हातावर काहीतरी ठेवतो. एवढं समजावून सांगायला जमत नसेल तर चेहरे टाकू नका. 2024 च्या जुलैत मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत पुणे जिल्ह्यातल्या एका घराला आपला बेपत्ता झालेला माणूस दिसला होता. वर्षानुवर्षं वाट बघणारं घर, आणि माणूस भेटतो तो जाहिरातीत! तो फोटो कुठल्या वाटेनं तिथं गेला ते बाजूला ठेवा. आपण टाकलेला चेहरा कुणाच्या घरात जाऊन काय करेल, याचा अंदाज आपल्याला नसतो.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीची गोष्ट वेगळी. गणपतीच्या आधी इथं कुणीही कॅमेरा घेऊन शिरतो. पण मूर्ती ही कारागिराची कलाकृती आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाच्या फोटोला सूट आहे, शेडमधल्या गणपतीला नाही. मूर्तिकाराच्या लेखी परवानगीशिवाय तो फोटो जाहिरातीसाठी देता येत नाही. द्यायचा तर ‘एडिटोरियल’ म्हणून, म्हणजे फक्त बातमी-लेखाच्या वापराला.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नरवर आलं, कुंभार गल्लीत शिरलं. गणेशचतुर्थी 2 सप्टेंबरला होती, रंग द्यायच्या मूर्ती पाण्यात होत्या. एक म्हातारे कुंभार मला बघून म्हणाले, “आमचं वाटुळं झालंय, आन् तुमचं फोटो व्हय?” अशा वेळी कॅमेरा पिशवीत घालावा आणि मूर्ती उचलायला हात लावावा. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरची घाई वेगळी असते, त्याला संध्याकाळच्या आत फोटो पोचवायचा असतो. स्टॉक साइटवर तपासणीत दिवस जातात, तोवर बातमी शिळी होते. पुराचे फोटो खरे विचारले जातात ते पुढं, दरवर्षी पावसाळा आला की: विमा, हवामान, नदीकाठची बांधकामं यांवर कुणी लिहायला बसतं तेव्हा. मी पाणी ओसरल्यावर, विचारून, चिखलातले साचे आणि वाळत घातलेले पाट काढले. कॅप्शन ठरल्या पद्धतीनं: गाव, देश, तारीख, मग काय घडतंय ते. तारीख चुकली की फोटो परत.

याच कॅप्शनवर आणि कीवर्डवर, म्हणजे फोटो ज्या शब्दांनी शोधला जातो त्यांवर, लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. चपलेचंच बघा. कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळालं 2019 मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. मग 2025 च्या जूनमध्ये प्रादानं मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला आणल्या, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही आणि गहजब झाला. परदेशात कुणाला तेव्हा चपलेचा, शिवणाऱ्या हातांचा फोटो हवा असेल, तर त्यानं आधी ‘लेदर सँडल’, ‘हँडमेड’, ‘आर्टिझन’ असंच शोधलं असणार. माझा जुना फोटो त्या आठवड्यात गेला तो त्या शब्दांमुळं. फोटो म्हणून तो सामान्यच आहे. अडोबीवर पहिल्या दहा कीवर्डना जास्त वजन असतं, तेव्हा नेमका शब्द आधी आणि ‘सुंदर’, ‘भारत’ वगैरे नंतर.

आता एआयचं विचारतात. अडोबी 2022 च्या अखेरीपासून यंत्रानं काढलेली चित्रं विकायला घेतं, आणि 2023 मध्ये आलेलं त्यांचं फायरफ्लाय शिकलंय ते बरंचसं आपल्यासारख्यांनी टाकलेल्या फोटोंवर. त्याबद्दल थोडा बोनस दिला, पण त्यावर घर चालणार नाही. ‘हसरं भारतीय कुटुंब’ आता ज्याला हवं तो स्वतःच यंत्राकडून काढून घेईल. तो बाजार संपला असं धरून चाला. यंत्राला काहिलीवरचा गुळव्या काढायला सांगून बघा, मामा पांढऱ्याशुभ्र फेट्यात सूप ढवळताना दिसतील. खऱ्या जागेचा, खऱ्या तारखेचा, कागद जोडलेला फोटो अजून कुणाला तरी लागतो. थोड्यांनाच, पण लागतो.

हे सगळं करायचं तर हातातल्या कॅमेऱ्यानं करा. स्टॉकच्या भरवशावर हप्ता काढू नका. खातं उघडताना डब्ल्यू-8 बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म येतो. तो कोरा सोडला तर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 टक्के कापतात. पॅन घालून भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर 15. कापलेल्या कराचं क्रेडिट आपल्या रिटर्नमध्ये मागता येतं, म्हणून पावत्या ठेवा. पैसे पेपलवरून घेतले तर ते डॉलरचे रुपये स्वतःच्या दरानं करतं, त्यात थोडं जातं. आणि पॅनवरचं, बँकेतलं आणि खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर एकच आहे का ते आधीच बघा, वडिलांचं नाव मध्ये असण्या-नसण्यावरून पैसे अडकतात.