समस्थानिक तपासणीसाठी पावसाचं पाणी असं धरा

पावसातल्या जड ऑक्सिजनचं (ऑक्सिजन-१८) आणि जड हायड्रोजनचं (ड्युटेरियम) प्रमाण हवेप्रमाणे बदलतं. ते जसंच्या तसं प्रयोगशाळेत पोचवायचं, एवढंच आपलं काम. टेबलावर मांडा: १६ सेंमी व्यासाचं नरसाळं, ५ लिटरचा कॅन, टेबलटेनिसचा चेंडू, घट्ट झाकणाच्या ३० मिलिच्या प्लॅस्टिक बाटल्या, मोजपात्र आणि वही.

१. सगळी भांडी कोरडी ठणठणीत करा. नळाच्या पाण्याचे चार थेंब राहिले तरी नमुना भेसळीचा होतो.

२. नरसाळं कॅनच्या तोंडात घट्ट बसवा. फट राहिली तर वाफ तिथूनच निसटेल.

३. नरसाळ्यात चेंडू टाका. सर आली की तो तरंगतो, थांबली की भोक झाकतो. तेलाचा थर मात्र देऊ नका. रोज पाणी काढणार असाल तर त्याची गरज नाही आणि लेझर यंत्राला तेल सोसत नाही.

४. कॅन उघड्यावर ठेवा. झाडाखाली किंवा पागोळीजवळ मुळीच नको.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कॅन आत आणा. हवामान खात्याची पावसाची मोजणीही याच वेळची, म्हणून आकडे जुळतील. "दुपारी बघू" म्हणालात की ऊन पाणी उडवायला लागलंच.

६. कॅनला झाकण लावून हलवा. पहिल्या आणि शेवटच्या सरीचं पाणी सारखं नसतं. ते एकजीव व्हायला हवं.

७. बाटली काठोकाठ भरा. इथे घाई नको, सगळी मदार याच पायरीवर आहे! वर हवा राहिली की हलके रेणू आधी उडतात आणि उरलेलं पाणी जड होतं. पाऊस जेमतेम पडला असेल तर लहान कुपी घ्या, पण अर्धी बाटली नको.

८. झाकण घट्ट आवळा. उलटी धरून बघा, ओल दिसली तर बाटली बदला.

९. कॅनमधलं उरलेलं पाणी मोजा. त्यात बाटलीतले ३० मिलि (लहान कुपी घेतली असेल तर तिच्यातले) मिळवून २०ने भागा. आला मिलिमीटरमधला पाऊस.

१०. बाटलीवर तारीख आणि ठिकाण लिहा. शाई पाण्याने पुसणारी नको.

११. वहीत तापमान, आर्द्रता, पाऊस आणि उपग्रहचित्रातले ढग टिपा. अरबी समुद्रावरून ढगांची मोठी फळी आलेल्या दिवशी समस्थानिकांचे आकडे बहुधा जास्त ऋण येतात. ही नोंद चुकली तर ते का आले, हे मागाहून कळायचं नाही.

१२. बाटली थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रीजरमध्ये नको, भरलेली बाटली तडकते.

(लाहौल-स्पितीत असाल तर ताजं हिम हवाबंद पिशवीत भरा आणि पिशवी न उघडता खोलीतच वितळू द्या. चुलीजवळ नेऊ नका. मग सातव्या पायरीपासून पुढे.)

१३. निकाल आला की ड्युटेरियमच्या आकड्यातून ऑक्सिजन-१८च्या आकड्याची आठपट वजा करा. उदाहरणार्थ −१४ आणि −३ असतील तर उत्तर १०, म्हणजे नेहमीसारखं. उत्तर फारच खाली आलं तर लगेच नमुना टाकू नका. आधी वही उघडा. कोरड्या हवेत शिंतोडे पडले असतील तर थेंब वाटेतच आटलेले असतात, आणि तो आकडा खरा असू शकतो. भरपूर पाऊस, दमट हवा आणि तरीही उत्तर खाली? मग त्या बाटलीचं झाकण तपासा.