मुलाशेजारी बसून पाहावयाचा चित्रपट

सत्यजित राय यांनी ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा चित्रपट १९६९ साली काढला, तो पुत्र संदीप याच्या आग्रहामुळे. मूळ कथा आजोबा उपेंद्रकिशोर यांची. हद्दपार झालेल्या एका बेसूर गायकास व ढोलवादकास भुतांचा राजा तीन वर देतो. भुतांचे नृत्य बरेच लांबते. तेथे पालक हमखास मुलाच्या कानी लागतात, “भुते खोटी असतात.” मुलास ते बहुधा ठाऊक असते! त्याचे लक्ष पुढे हल्ला राज्याच्या उपाशी सैनिकांकडे जाते. आकाशातून मिठाईची मडकी उतरताच सैन्य युद्ध सोडून धावते. “यांना आधी जेवायला का दिले नाही?” असे मुलाने विचारल्यास पालकांनी त्यास गप्प बसवू नये, हे शिक्षकांनी पालकसभेत अवश्य सांगावे.