सेरेब्रल पाल्सी आणि हातांचे शिक्षण

वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या सहज मांडता येते. परंतु एखाद्या बालकाने सदऱ्याचे बटण स्वतः लावले, याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, असा प्रश्न आम्हांस दरवर्षी पडतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

विकसनशील मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी अथवा बाल्यावस्थेच्या आरंभी इजा झाल्याने हालचालींवर जी कायमची मर्यादा येते, तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मूळ इजा वाढत नाही. पुष्कळांच्या हाताचे स्नायू ताठर होतात. मनगट वाकते, अंगठा तळव्यात दुमडतो आणि धरलेली वस्तू सोडणेही अवघड जाते.

पालकांनी एक खूण अवश्य ध्यानात ठेवावी. वर्षाच्या आतील बाळ सहसा डावा-उजवा भेद करीत नाही. ते सतत एकाच हाताने खेळणे घेत असेल व दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर ‘बाळ डावखुरे आहे’ असे समाधान न मानता डॉक्टरांना दाखवावे. या समजुतीपायी मोलाचे महिने वाया जातात.

स्वीडनमधील आन-क्रिस्टिन एलियासन व सहकाऱ्यांनी २००६ साली ४ ते १८ वर्षे वयोगटासाठी हस्तकौशल्याची ‘मॅक्स’ ही पाच स्तरांची वर्गवारी प्रसिद्ध केली. मूल रोजच्या वस्तू दोन्ही हात मिळून कशा हाताळते, हे तीत पाहिले जाते.

उपचारांचे तत्त्वही तेच आहे. केवळ चोळून वा ताणून हात कामास लागत नाही. मुलाने त्याला हवे असलेले काम स्वतः पुनःपुन्हा करावे लागते. एक बाजू अधू असल्यास चांगला हात काही वेळ मोज्यात ठेवून दुबळ्या हातास काम देतात, किंवा डब्याचे झाकण उघडण्यासारखी दोन्ही हातांची कामे करवून घेतात. बोटुलिनमच्या इंजेक्शनाने ताठरपणा काही महिने उतरतो. त्या अवधीत सराव न झाल्यास त्याचा पुरेसा लाभ होत नाही.

व्यवसायोपचारतज्ज्ञ मार्ग दाखवितात. खरी शाळा घरीच भरते. शेंगा सोलणे, पोळीचा तुकडा मोडणे हेच तिचे धडे. वेळ लागतो म्हणून घास भरवू नये, ही पालकांस विनंती.

देणगीदारांसही एक निवेदन. या विभागास मोठ्या यंत्रांपेक्षा तज्ज्ञांचा वेळ अधिक लागतो. त्या वेळेसाठी दिलेली देणगी इमारतीत दिसणार नाही. ती एखाद्या मुलाच्या हातात दिसेल.